कपाटामागची बुरशी : घाम की गळती?

कपाटामागे काळी बुरशी, सोसायटी म्हणते "एसीचा घाम आहे", आणि रंगारी डॅम्पप्रूफचं कोटेशन घेऊन दारात. डोंबिवलीत हेच सगळं भोगलंय, म्हणून लिहितोय. कपाट पुढे ओढा, कपडे घरात वाळवू नका वगैरे तुम्ही करून झालाच असाल.

रंगाऱ्याला आधी थांबवा. सुटलेले पोपडे खरवडून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा हातभर तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. पाऊस चालू असतानाच, दोन दिवस. पाणी फॉइलच्या वरून धरलं तर ते हवेतलं, खालून धरलं तर भिंतीतलं.

घाम हे थोतांड नाही हं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की २६ अंशांच्या आसपासच्या भिंतीवर पाणी धरतं. पलीकडच्या बेडरूममध्ये रात्रभर २० वर एसी चालत असेल तर अलीकडची बाजू भिजणारच. अशा वेळी खिडक्या उघडून काय होणार? पावसाळ्यात बाहेर त्याहून दमट. एसी २६ वर आणून बघा.

माझ्याकडे मात्र पाणी फॉइलखाली होतं. डक्टमधला, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला, पाइप गळत होता. सोसायटीच्या ऑफिसात जुलैत गेलं की "पाऊस थांबू दे, मग बघू". जानेवारीत गेलं की "कुठाय ओल? भिंत तर कोरडी ठणठणीत!" मध्येच त्यांनीच पाठवलेल्या माणसाने आतून रंग फासला. त्याला फुगे आले आणि बिल माझ्या नावावर! अहो, आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नियमावलीच्या सरकारी नमुन्यात, सामायिक पाइपची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चात धरलेली आहे. वरच्यांच्या बाथरूममधून येत असेल तर गोष्ट वेगळी. मी वकील नाही, तुमच्या सोसायटीचे उपविधी स्वतः वाचा. पण तोंडी एक शब्द बोलू नका. अर्ज, तारखेसकट फोटो, आणि शिक्का मारलेली पोच.

डांबरगोळ्यांनी ओल जात नाही, वास तेवढा बदलतो. बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, घरभर उडते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच घेतलंत तर टॉयलेट क्लीनर जवळपासही नको, दोन्ही मिसळून क्लोरीन वायू होतो. आणि गळती बंद झाली तरी भिंत पूर्ण सुकेपर्यंत पुट्टी लावू देऊ नका, रंगारी कितीही घाई करो.