परवाना होता, पण बोट कुठे होती?

व्हिसावर टेक्सासमध्ये नोकरी करणारे एक वाचक सुटीत फ्लोरिडाला गेले. परराज्यातील व्यक्तींसाठी असलेला तीन दिवसांचा समुद्री मासेमारीचा परवाना त्यांनी 17 डॉलरला घेतला आणि मित्राच्या बोटीवरून इस्लामोराडाजवळ पाण्यात उतरून भाल्याने एक हॉगफिश मारला. हंगाम चालू होता, मासाही 16 इंचांच्या किमान लांबीपेक्षा मोठा होता. तरीही अधिकाऱ्याने भालाबंदूक आणि मासा जप्त करून सायटेशन, म्हणजे नियमभंगाची लेखी नोटीस, दिले. परवाना असताना गुन्हा कसा, असे ते विचारतात. अशीच पत्रे मला वारंवार येतात.

फ्लोरिडात भाल्याच्या मासेमारीसाठी वेगळा परवाना नाही. समुद्री मासेमारीचा नेहमीचाच परवाना चालतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. त्या परवान्याने मासा पकडण्याची मुभा मिळते, कुठे पकडायचा हे मात्र निराळे कलम ठरवते. मनरो काउंटीत लाँग की या बेटापासून उत्तरेला मायामी-डेड काउंटीच्या हद्दीपर्यंत राज्याच्या पाण्यात भाल्याने मासे मारण्यास बंदी आहे आणि इस्लामोराडा याच पट्ट्यात येते. मासा किती मोठा होता, याने या कलमापुढे काहीच फरक पडत नाही.

अटलांटिकच्या बाजूला राज्याचे पाणी किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांपर्यंत असते. त्यामुळे, पत्रलेखक महाशय, आपली बोट त्या रेषेच्या आत होती की बाहेर, यावरच आपले प्रकरण उभे आहे. आपण लिहिता, "किनाऱ्यापासून बरेच दूर गेलो होतो." न्यायालयात अशा "बरेच"ला किंमत नसते, बोटीवरच्या जीपीएस प्लॉटरमधली, म्हणजे बोटीचा मार्ग नकाशावर दाखवणाऱ्या यंत्रातली, त्या दिवसाची नोंद मात्र निर्णायक ठरू शकते. अनेक यंत्रांमध्ये नवी नोंद जुनीवर चढते, आणि सायटेशन तीन आठवडे गाडीच्या कप्प्यात पडू देऊन आपण नेमका तोच वेळ वाया घालवला आहे. मित्राला आजच फोन करा, बोट पुन्हा पाण्यात उतरण्याआधी ती नोंद काढून घ्या आणि पडद्याचे तारीख दिसेल असे छायाचित्रही घ्या. बोट रेषेबाहेर होती असे निघाले, तरी तेथे संघीय नियम आणि सागरी अभयारण्याचे संरक्षित भाग लागू असू शकतात, म्हणून अचूक अक्षांश-रेखांश पाहिल्याशिवाय मी सुटकेची हमी देणार नाही.

हा वाहतुकीचा दंड समजून पैसे भरून मोकळे होण्याचा आपला विचार दिसतो. मासेमारीच्या पद्धतीविषयीच्या नियमाचा पहिला भंगही फ्लोरिडात सर्वसाधारणपणे सेकंड डिग्री मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा असतो, आणि त्यासाठी 60 दिवसांपर्यंत कैद व 500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात कैद होण्याची शक्यता मला कमी वाटते. परंतु आपण व्हिसावर असल्याने दोष कबूल करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलांचे मत घेणे आवश्यक आहे. सायटेशनवर हजर राहण्याची तारीख छापलेली असते. ती उलटून गेली नसेल, तर त्याच काउंटीतील फौजदारी वकिलाकडे हा कागद या आठवड्यातच पोहोचवा.