वडिलांच्या स्वादुपिंडात १८ मिमीची सिस्ट निघाली आहे, कॅन्सरचा धोका किती आणि पथ्य काय?

"तीन सेंटीमीटरच्या आत आहे ना, मग सोडून द्या," असं तुम्हाला दहा जण सांगतील. आमच्या घरातही हेच चाललं होतं, म्हणून लिहायला बसले. आकार बघतात हे खरं, पण नुसत्या आकारावर निर्धास्त राहू नका.

आधी सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, कोणत्या जातीची ते विचारा. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर झालेली स्यूडोसिस्ट किंवा सिरस सिस्टॅडेनोमा (पातळ पाण्याची साधी गाठ) असेल, तर कॅन्सरची भीती जवळपास नाहीच. आयपीएमएन, म्हणजे स्वादुपिंडाच्या नळ्यांत होणारी, चिकट स्राव करणारी सिस्ट असेल तर लक्ष ठेवावं लागतं. त्यातही मुख्य नळीतली असेल तर धोका बराच जास्त, फांदीतली असेल तर कमी.

आमच्या सासऱ्यांची, अण्णांची, फांदीतलीच होती, स्वादुपिंडाच्या शेपटीच्या बाजूला. पित्ताचे खडे बघायला सोनोग्राफी केली तेव्हा सापडली. एमआरसीपीत (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) मुख्य नळी ३ मिमी होती. वर्षाने परत दाखवा म्हणाले, पण दुखत नाही तर कशाला, म्हणून कुणी गेलंच नाही. पुढे एका उन्हाळ्यात शुगर निघाली. घराण्यात कुणाला मधुमेह नाही, माणूस सडपातळ, रोज मळ्यात चालत जाणारा. भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणाले, आंबे जास्त झाले. ओळखीच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, जुनी फाईल मागितलीसुद्धा नाही. मी पँट धुवायला घेतली तर पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक, आणि त्याच्या पुढे आणखी एक. आंबे खाऊन माणूस असा वाळतो का?

मी हट्ट धरला. नव्या एमआरसीपीत मुख्य नळी ७ मिमी. मग पुण्यात एंडोस्कोपीतून सोनोग्राफी, म्हणजे तोंडातून नळी घालून आतून सोनोग्राफी आणि लागलं तर सुईने नमुना, करायचं ठरलं, तर भाऊजी आडवे आले: गाठीला सुई लावली की ती पसरते. त्यावर घरात जी भांडणं झाली ती विचारू नका. शेवटी अण्णाच म्हणाले, "सूनबाई म्हणते तसं करा." तपासणीत सिस्टच्या आतल्या भिंतीवर ६ मिमीची गाठ दिसली. शेपटीचा भाग आणि प्लीहा काढली. बायोप्सीत हाय-ग्रेड डिसप्लेजिया, म्हणजे कॅन्सरच्या उंबरठ्यावर, पण कॅन्सर नाही.

भाऊजी अजून म्हणतात की नशीब चांगलं. नशीब नव्हे, वेळेवर तपासलं म्हणून. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या क्योटोच्या मार्गदर्शक सूचनांत वर्षभरात नव्याने लागलेला किंवा एकदम बिघडलेला मधुमेह हे धोक्याचं लक्षण म्हणून स्पष्ट दिलं आहे. नळी ५ ते ९ मिमी, सिस्ट ३ सेंमी किंवा मोठी, वर्षाला अडीच मिमी किंवा जास्त वाढ, रक्तातलं सीए १९-९ (कॅन्सरसाठी बघतात ती तपासणी) वाढलेलं, हेही त्यातच. आणि कावीळ, १० मिमीची नळी किंवा सिस्टच्या भिंतीवर ५ मिमी किंवा मोठी, स्कॅनच्या वेळी दिलेलं रंगद्रव्य घेणारी गाठ असेल, तर थेट सर्जनकडे जा. सुईने पसरण्याची शक्यता अगदी कमी असते. त्या भीतीपायी डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, भाऊजींनी वाचलं तरी चालेल.

आता सांगायला हवं ते: मी डॉक्टर नाही. फांदीतल्या बहुतेक सिस्ट आयुष्यभर काही करत नाहीत, तेव्हा माझं वाचून ऑपरेशनला धावू नका. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागाचं ऑपरेशन फार मोठं असतं, वडिलांचं वय आणि हृदय बघूनच ठरवतात. सिस्टमधल्या द्रवात सीईए (एक प्रथिन) जास्त आलं तर तेवढ्याने कॅन्सर ठरत नाही, सिस्टमध्ये चिकट स्राव आहे एवढंच कळतं. सख्ख्या नात्यात कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला असेल तर ते न विचारता सांगा. आणि ऑपरेशन झालं तरी तपासण्या सुटत नाहीत, उरलेल्या स्वादुपिंडात नवी सिस्ट येऊ शकते. अण्णांना आम्ही अजून नेतो.

पथ्याचं म्हणाल तर सिस्टसाठी म्हणून खास पथ्य नाही. बिडी, सिगारेट, तंबाखू मात्र आजच बंद करा. आणि जुन्या एमआरसीपीची सीडी रेडिऑलॉजिस्टच्या हातात देऊन, दोन्ही शेजारी ठेवून मोजा, असं सांगा. नुसत्या कागदी रिपोर्टवर भागवू देऊ नका.