पोलिओ डीडीटीमुळे व्हायचा आणि लस यायच्या आधीच तो ओसरत होता, हे खरं आहे का?

नाही. डीडीटीची विक्री आणि पोलिओचे रुग्ण यांचे आलेख शेजारी ठेवले की ते पटण्यासारखं वाटतं, पण त्या आलेखांची सुरुवातच सोयीच्या वर्षापासून केलेली असते.

डीडीटीने कीटक मरतात हे कळलं १९३९ साली, आणि सर्रास फवारणी सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. एकट्या न्यूयॉर्क शहरात पोलिओने दोन हजारांहून अधिक बळी घेतले ते १९१६ मध्ये. यावर काही जण म्हणतात, तेव्हा फळबागांवर शिशाचं आर्सेनेट हे विषारी कीटकनाशक मारत होते. शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर त्याआधीच मिळालं होतं. १९०८ मध्ये व्हिएन्नात लँडस्टायनर आणि पॉपर या संशोधकांनी पोलिओने दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अर्क माकडांना टोचला आणि माकडांना तोच आजार झाला. वर्षभरात फ्लेक्सनर आणि लुईस यांनी आजारी माकडाचा अर्क दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला टोचत हा आजार पुढे नेला. विष असतं तर ते दर माकडागणिक पातळ होत संपलं असतं. हे वाढत होतं.

मग साथी विसाव्या शतकातच का वाढल्या? सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण उलटं वाटेल: स्वच्छता सुधारली म्हणून. पूर्वी विषाणू तान्हेपणीच पोटात जायचा, तेव्हा आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाला सांभाळायची. पाणी, मैल्याची व्यवस्था सुधारली, संसर्ग उशिरा होऊ लागला आणि ते कवच तोवर गेलेलं असायचं.

‘आधीच ओसरत होता’ याबद्दल. अमेरिकेत १९५२ मध्ये जवळपास ५८ हजार रुग्ण होते, १९५४ मध्ये ३८ हजारांवर. पण पोलिओ मुळातच वर्षागणिक खाली-वर व्हायचा. १९५५ पासून पक्षाघाती पोलिओची व्याख्या कडक झाली, हेही खरं आहे. त्यामुळे काही घट कागदावरची असणार. म्हणून मी घटीकडे बोट दाखवतच नाही. मला सगळ्यात भक्कम वाटते ती १९५४ ची साल्क लसीची, म्हणजे मेलेल्या विषाणूच्या टोचायच्या पोलिओ लसीची, चाचणी. तिच्या एका भागात सुमारे दोन लाख मुलांना लस टोचली आणि तितक्याच मुलांना तसाच दिसणारा निरुपद्रवी द्रव. कुणाला काय टोचलं हे मुलांना माहीत नव्हतं, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. दोन्ही गटांची गावं तीच, वर्ष तेच, हवा तीच, व्याख्याही तीच. पक्षाघाती पोलिओ लस मिळालेल्यांपैकी ३३ मुलांना झाला, न मिळालेल्यांपैकी ११५ जणांना. डीडीटीने लस टोचलेली मुलं ओळखून वगळली, असं तर कुणी म्हणणार नाही.

लसीवरचे सगळेच आक्षेप मात्र खोटे नाहीत, आणि ते दडपणाऱ्यांचा मला राग येतो. १९५५ मध्ये कटर कंपनीच्या काही लसींत जिवंत विषाणू राहून गेला; त्यातून १६४ जण गंभीर लुळे झाले, १० दगावले. नंतर आलेल्या, सेबिन या संशोधकाच्या तोंडी थेंबांत विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. लसीकरण अपुरं असलेल्या वस्तीत तो माणसामागून माणसात फिरत राहिला तर पुन्हा पक्षाघात घडवण्याइतका बदलू शकतो. पोलिओ विषाणूचे तीन प्रकार आहेत; त्यातला नैसर्गिक टाइप २ विषाणू शेवटचा आढळला १९९९ मध्ये, त्यानंतरही थेंबांतल्या टाइप २ पासून बदललेला विषाणू मुलांना लुळं करत राहिला. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर नेहमीच्या थेंबांतून तो घटक काढला. अमेरिकेने तर २००० सालीच थेंब थांबवून फक्त मेलेल्या विषाणूची टोचायची लस ठेवली.