रिसेप्शनिस्टच्या मुलाखतीची तयारी कशी करावी?

अनुभव नसताना रिसेप्शनिस्टच्या पहिल्याच मुलाखतीची तयारी कशी करावी, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे हे काम केले आणि पुढे याच जागेसाठी मुलाखती घेणाऱ्यांमध्येही बसले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे पाहिले ते सांगते.

उत्तरे पाठ करण्यापेक्षा प्रसंग मोठ्याने बोलून पाहावेत. आम्ही हमखास विचारत असू तो प्रश्न असा: समोर पाहुणे उभे आहेत, फोन वाजतो आहे आणि कुरिअरवाला सहीसाठी खोळंबला आहे, तर तुम्ही काय कराल? बहुतेक उमेदवार 'सगळे सांभाळून घेईन' असे म्हणत. पण ऐकणाऱ्याला हवा असतो तो क्रम. पाहुण्यांकडे पाहून, त्यांची दखल घेतली आहे हे मानेनेच कळवावे, मग फोन उचलून 'आपण क्षणभर थांबू शकाल का?' असे विचारावे आणि होकार ऐकल्यावरच तो होल्डवर टाकावा. सुरुवातीला मी न विचारताच होल्डचे बटण दाबत असे आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली आहेत. कुरिअरची सही सर्वांत शेवटी.

दुसऱ्यासाठी आलेला निरोप लिहून घेण्याचा सराव मात्र खरोखर फोनवरच करावा. घरातल्या कोणाला तरी भरभर नाव, नंबर आणि काम सांगायला लावावे, ते वेळेसह लिहून घ्यावे आणि नंबर परत वाचून दाखवावा. मुलाखतीत मी मुद्दाम घाईने नंबर सांगत असे. कोणी न सांगता तो परत वाचून दाखवणारा उमेदवार माझ्या यादीत लगेच वर जाई. 'साहेब आहेत का?' या साध्या प्रश्नालाही 'आहेत' किंवा 'नाहीत' असे चटकन सांगून टाकू नये. आधी 'आपले नाव आणि काम कळेल का?' असे विचारावे, कारण कोण कुठे आहे ही माहिती बाहेर द्यायची नसते.

कपडे नीटनेटके असावेत, एवढे पुरे. थोडे लवकर पोहोचून बाहेर बसल्यावर मोबाइलमध्ये डोके घालण्याऐवजी तिथली रिसेप्शनिस्ट फोन कसा घेते ते पाहावे, आणि तिच्याशी अदबीने बोलावे. उमेदवार बाहेर कसा वागला, हे आम्ही तिला नंतर विचारत असू. अनुभव नाही हे सरळ सांगावे, कधी न वापरलेली फोनची किंवा संगणकाची यंत्रणा वापरता येते असे म्हणू नये. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे म्हटले, तर जेवणाच्या सुट्टीत डेस्क कोण सांभाळते, हे अवश्य विचारावे.