भाव वाढवला एका लॉटचा, वाढला दोन्हींचा

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत हळदीच्या सौद्यांचा प्रोग्राम लिहीत आहे. क्विंटलमागे १३,००० रुपये या एकाच भावाने गेलेल्या दोन लॉटना मी एकच ‘दर’ ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र ठेवणारा घटक) दिला. नंतर ‘वाढव’ या मेथडने, म्हणजे ऑब्जेक्टला नेमून दिलेल्या कामाने, पहिल्या लॉटचा दर क्विंटलमागे २०० रुपयांनी वाढवला, तर दुसऱ्याचाही वाढला. मेथडमध्ये काय चुकले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली बेरीज बरोबर आहे, चुकली आहे ती बेरजेचे उत्तर ठेवण्याची जागा. जावामध्ये व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतो, त्याचा केवळ संदर्भ, म्हणजे तो कुठे आहे याचा पत्ता, असतो. त्यामुळे ‘दुसरा.दर = पहिला.दर’ असे लिहिल्याने दराची प्रत तयार होत नाही, तर दोन्ही लॉट एकाच ऑब्जेक्टशी जोडले जातात, आणि आपल्या मेथडने १३,००० चे १३,२०० त्याच ऑब्जेक्टमध्ये केले.

मेथड लिहिण्यापूर्वी ती कोणत्या प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी आहे, हे ठरवावे. शेतकऱ्याच्या खात्याला स्वतःची ओळख असते. उचल नोंदवली, पत्ता बदलला, तरी खाते तेच राहते, म्हणून तिथल्या मेथडने त्याच ऑब्जेक्टमध्ये बदल करणे योग्यच आहे, किंबहुना तो बदल सगळीकडे दिसलाच पाहिजे. दराचे तसे नाही. दराची ओळख म्हणजे त्याची रक्कमच. ती बदलली की तो दुसरा दर झाला. म्हणून ‘दर’मधील रकमेचे फील्ड फायनल, म्हणजे एकदा भरल्यावर न बदलणारे, करावे आणि ‘वाढव’ने जुन्या दराला हात न लावता नवा ‘दर’ तयार करून परत द्यावा. मग ‘पहिला.दर = पहिला.दर.वाढव(२००)’ असे लिहिले की दुसरा लॉट १३,००० वरच राहील. डावीकडची बाजू लिहायची राहिली, तर कोणतीही एरर न येता वाढ हरवते. जावा ८ पासून असलेल्या लोकलडेट या तारखेच्या क्लासमधील, दिवस वाढवून नवी तारीख देणाऱ्या प्लसडेज मेथडबाबतही नवशिक्यांकडून नेमके हेच घडते.

दोन दरांची तुलनाही रकमेवरून व्हावी, दोन खात्यांची मात्र खातेक्रमांकावरून. जावा १६ पासून कायम झालेला रेकॉर्ड (मुख्यतः माहिती साठवण्यासाठीचा क्लासचा प्रकार) वापरल्यास फायनल फील्ड, समानता तपासणारी इक्वल्स आणि तिच्याशी जुळणारी हॅशकोड मेथड आयते मिळतात. तरीही रक्कम बिगडेसिमल या अचूक दशांश संख्यांच्या प्रकारात असेल तर सावध राहावे, कारण त्याची इक्वल्स मेथड १३०००.० आणि १३०००.०० यांना समान मानत नाही, लहान-मोठेपणा ठरवणारी कम्पेअरटू मात्र मानते. यासाठी रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) रक्कम सेटस्केल मेथडने दोन दशांश स्थळांवर आणून ठेवावी.