आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा माझ्या टेबलावर आलाय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की राज्य शासनाच्या एका जिल्हास्तरीय कार्यालयात नुकते रुजू झालात आणि आठवड्याच्या आत साहेबांनी आपत्ती व्यवस्थापनाचं काम तुमच्या गळ्यात घातलं. जुना आराखडा १८० पानांचा. वर साहेबांचं म्हणणं, संकट आलं तरी आपलं कामकाज थांबता कामा नये, त्याचंही बघा. अनुभव शून्य, हाताखाली एक लिपिक.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं नदीकाठच्या एका जिल्ह्यात याच कामात गेली. जिल्ह्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमची फजितीच जास्त आहे.

ती १८० पानं आधी वाचत बसू नका. त्यातली फक्त फोन नंबरांची यादी काढा आणि एकेक नंबर स्वतः लावा. लिपिकाला सांगू नका, स्वतः लावा. मी चार्ज घेतल्यावर तेच केलं. बोटवाले, पट्टीचे पोहणारे, जेसीबीवाले, मंगल कार्यालयांचे मालक अशी ती यादी होती. एका पोहणाऱ्याचा नंबर लावला तर पलीकडून बाई म्हणाल्या, "ते वारले. तीन वर्षं झाली." मी चाचरत काहीतरी बोललो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "दर मे महिन्यात तुमच्या हापिसातून फोन येतो. नाव काढा म्हणून दरवेळी सांगते." म्हणजे फोन लावण्याचं काम चोख चाललं होतं. यादी मात्र तशीच पुढच्या वर्षीच्या आराखड्यात चिकटवली जायची, मुखपृष्ठावरचं साल तेवढं बदलून.

कायद्याचं थोडक्यात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कलम ३१ खाली जिल्ह्याचा आराखडा होतो, तो लोकांना ठाऊक असतो. कलम ३२ कुणी उघडत नाही. जिल्ह्यातल्या केंद्राच्या आणि राज्याच्या प्रत्येक कार्यालयाने आपापला आराखडा करायचा, असं ते सांगतं. तुमच्या टेबलावरचं ओझं तिथून आलंय. कुणी खातेप्रमुख "हे तर कलेक्टर ऑफिसचं काम" म्हणाला, तर ते पान उघडून त्याच्यासमोर ठेवा.

आता मुद्द्याचं. तुमच्या १८० पानांत लोक बुडाले तर काय करायचं ते असेल, गावं तुटली तर काय ते असेल. आपलंच कार्यालय बुडालं किंवा पेटलं तर काय, यावर बहुतेक एक ओळही नसेल. आमच्यात नव्हती.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झाली आणि वरचे मजले घेऊन गेली. मुख्यमंत्र्यांचं दालन सहाव्या मजल्यावर, तेही जळालं. पाच माणसं गेली. राज्यभरातल्या संकटांसाठी आदेश जिथून सुटायचे तीच इमारत संकटात. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे लोक येऊन विचारायचे, "आमचं प्रकरण वर गेलं होतं, ते आहे का जळालं?" काही प्रकरणं आमच्याकडच्या स्थळप्रतींवरून, म्हणजे पाठवलेल्या कागदाची जी प्रत आपण कार्यालयात ठेवतो तिच्यावरून, पुन्हा उभी करता आली. ज्यांच्या स्थळप्रती नीट लावलेल्या नव्हत्या त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. ई-ऑफिसला, म्हणजे फायली संगणकावर चालवायला, पुढे जोर आला त्याला ही आगही कारण आहे. पण ई-ऑफिस आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वीज आणि नेट नसेल तर स्क्रीन काळीच असते. पहिल्या आठ दिवसांत लागणारे नमुने, आदेशांचे मसुदे, गावनिहाय याद्या कागदावर छापून एका पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि ती पेटी वरच्या मजल्यावर ठेवा.

वरच्या मजल्यावर का, ते सांगतो. आमचा नियंत्रण कक्ष तळमजल्यावर होता. जनरेटर आवारात, एका ओट्यावर. ओट्याची उंची ठरवली होती आमच्या एका जुन्या शिपायाने, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्यांनी एकदा मला रेकॉर्ड रूममध्ये नेलं, कपाट थोडं पुढे ओढलं आणि मागच्या भिंतीवरची पेन्सिलची रेघ दाखवली. "साहेब, दोन हजार पाचचं पाणी. हितपर्यंत." त्या रेघेच्या वर एक हात ओटा बांधला. सगळे खूष. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ ला पाणी ५४ च्या आसपास गेलं होतं आणि त्या पट्ट्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात तो शेवटचा आकडा म्हणून बसला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फूट ओलांडले. आमचा ओटाही त्याच हिशेबाने बांधलेला, तो त्याच हिशेबाने बुडाला. तात्यांची चूक नव्हती. त्यांनी पाहिलेलं पाणी त्यांनी दाखवलं. त्याच्यापेक्षा जास्त येईल का, हे विचारणं माझं काम होतं.

जनरेटर रात्री दोनला बंद पडला. आम्ही मोबाइलच्या उजेडात टेबलं वर नेली, नकाशे नेले, वायरलेस सेट नेला. वर स्थिरस्थावर झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की १०७७ ची, म्हणजे लोकांनी मदतीसाठी फिरवायच्या नंबरची, लाइन खालीच राहिली. टोल फ्री नंबर म्हणजे शेवटी भिंतीतून निघालेली एक वायरच असते, आणि ती भिंत पाण्यात होती. लोक छपरांवरून तो नंबर फिरवत असणार. लाइन मोबाइलवर वळवायला सकाळ झाली. तुम्ही हे आधी करून ठेवा. फोन कंपनीच्या माणसाला चहाला बोलवा आणि कॉल वळवायचे कसे ते तुमच्या दोन माणसांना त्याच्याकडून शिकवून घ्या.

कृष्णेचं पाणी कोकणातल्या नद्यांसारखं धावत येत नाही, चालत येतं. धरणातून किती क्युसेक सोडलं, पुलाखाली किती फूट झाले, तासातासाला कळत असतं. त्यामुळे निर्णय पुढे ढकलायला भरपूर वेळ मिळतो. "अजून दोन फूट आहे", "पाऊस कमी झालाय म्हणे", "सकाळी बघू". आम्ही असंच केलं. म्हणून आकडे मे महिन्यातच लिहून ठेवा आणि साहेबांची सही घ्या: पुलाखाली इतके फूट झाले की कागदपत्रं वर, इतके झाले की माणसं पर्यायी जागेत. त्या रात्री बैठक नको, विचारणा नको. आकडा गाठला की जो ड्यूटीवर असेल त्याने हलवायचं, मग तो लिपिक का असेना. नंतर पाणी आलंच नाही तर त्याला कुणी बोलायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहा. ही शेवटची ओळ नसेल तर कुणी हलवणार नाही, इतकी वर्षं सरकारी नोकरी केल्यावर एवढं सांगू शकतो.

पर्यायी जागेवरून आठवलं. आमच्या आराखड्यात पर्यायी कार्यालय म्हणून उंचावरची एक शाळा दाखवली होती. तीच शाळा दुसऱ्या परिशिष्टात पूरग्रस्तांचं निवारा केंद्र म्हणून होती. आम्ही संगणक घेऊन पोचलो तेव्हा वर्गावर्गात माणसं, म्हशी आवारात, आणि एक आजी मला म्हणाल्या, "बाबा, तू पण पुरातलाच का?" दोन्ही परिशिष्टं एकाच टेबलावर तयार झाली होती.

आजींचा प्रश्न तसा खराच होता. कर्मचाऱ्यांची यादी घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो राहतो कुठे ते लिहा, पूररेषेत की बाहेर. आमच्या आपत्ती कक्षाची निम्मी माणसं पूररेषेत राहणारी निघाली. ज्याच्याकडे रेकॉर्ड रूमची किल्ली होती तो स्वतः आईला पाठीवर घेऊन गच्चीवर बसला होता. दुसरी किल्ली नव्हती. मी कुलूप फोडायला सांगितलं आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याला एकदाही "तू कसा आहेस" असं विचारलेलं नाही, किल्लीच विचारत होतो. पुढच्या वर्षापासून पाण्याने इशारा पातळी गाठली की पूररेषेतल्या कर्मचाऱ्यांना आधी चार तास घर हलवायला द्यायचे असं ठरवलं. काही अधिकाऱ्यांनी नाकं मुरडली. पण घर सुरक्षित आहे हे माहीत असलेला माणूस तीन रात्री काम करतो. ज्याला माहीत नाही, तो हजेरी लावून निघून जातो. त्याला दोष देऊन काय उपयोग?

कोणतं काम चालू ठेवायचं, यावर तुमचं भांडण होणार. प्रत्येक कार्यासन, म्हणजे शाखा, सांगेल, आमचं अत्यावश्यक. मी बैठकीत फळ्यावर लिहिलं: डिझेल एवढं आहे की सहा दिवे, दोन संगणक आणि एक प्रिंटर चालेल, तीन दिवस. आता सांगा, त्या दोन संगणकांपुढे कोण बसणार? पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग पटापट निघालं: नियंत्रण कक्ष, मदतीच्या पैशाचे आदेश, पुरवठा शाखेचं धान्य आणि इंधन. शस्त्र परवाने, गौण खनिज, आस्थापना, सगळं आठ दिवस थांबू शकतं असं त्या त्या लोकांनीच कबूल केलं. मार्च २०२० मध्ये शासनाने कार्यालयांतली उपस्थिती पाच टक्क्यांवर आणली, तेव्हा हीच यादी कामाला आली. शेजारच्या एका कार्यालयात तेव्हा दोन दिवस नुसता पाच टक्क्यांत कोण येणार यावरच वाद चालला होता.

इंधनाचं वेगळं सांगतो. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ दिवसच्या दिवस बंद राहिला. टँकर येत नाहीत म्हटल्यावर पंपावर रांगा लागतात आणि साठा बघता बघता संपतो. पंपचालकांना राखीव साठा ठेवायचा आदेश पाणी चढायच्या आधी काढायचा असतो. आम्ही एकदा तो पंप कोरडे झाल्यावर काढला. आदेशाची भाषा उत्तम होती.

सह्यांचं बघा. साहेब अडकले तर कोण, तोही अडकला तर कोण, तिसऱ्यापर्यंत नावं हवीत. नुसतं "प्रभारी अधिकारी" लिहून भागत नाही. पैसे काढायचे अधिकार एकाकडे असतात, त्याची डिजिटल सही डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूत, आणि डोंगल ड्रॉवरमध्ये. दुसऱ्याचं डोंगल वापरायचं नाही हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून पर्यायी आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पैसे काढायचे अधिकार असलेला दुसरा माणूस, आधीच रीतसर नेमून, त्याचं स्वतःचं डोंगल काढून, कोषागाराला कळवून ठेवा. पावसाळ्याआधी हे काम कंटाळवाणं वाटतं. पाणी ओसरल्यावर सानुग्रह अनुदानासाठी दारात रांग लागली की त्याची किंमत कळते.

रंगीत तालमीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तलावात बोट, नवी कोरी लाइफ जॅकेटं, प्रमुख पाहुणे, फोटो, नाश्ता. ती करा, ती करावीच लागते. तिच्याखेरीज एका रविवारी पहाटे साडेपाचला, कुणाला न सांगता, यादीतल्या सगळ्यांना फोन लावा आणि एकच विचारा: "आत्ता निघालात तर किती वाजता पोचाल?" उत्तरं वहीत लिहा. किंवा एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी मेन स्विच बंद करा आणि दोन तास काय काय थांबतं ते बघत फिरा. मी केलं तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत कळलं की पाण्याची मोटर जनरेटरवर जोडलेलीच नाही. म्हणजे मुक्कामी राहिलेल्या तीस माणसांना संडासात पाणी नसतं. १८० पानांत हे कुठेच नव्हतं.

तुम्ही नवीन आहात, खातेप्रमुख तुमच्यापेक्षा वरच्या पदावरचे. ते तुमच्या पत्राला उत्तर देणार नाहीत. पत्र साहेबांच्या सहीने काढा, पण उत्तर आणायला स्वतः जा, आणि तिथल्या अव्वल कारकुनाकडे जा. आणि शिपाई, वॉचमन, ड्रायव्हर यांना बैठकीला बसवा. गटार कुठे तुंबतं आणि कुठल्या गेटमधून पाणी आधी आत येतं, हे तेच सांगतील.

एक अडचण तुमच्या हातात नाही, तरी सांगतो. २००५ मध्येच बदल्यांचाही कायदा झाला. त्यानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात. म्हणजे मान्सूनपूर्व बैठकीला जे बसलेले असतात त्यातले कितीतरी जूनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात, आणि त्यांच्या खुर्चीत बसलेल्याला नदी कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नसतं. माझी बदली झाली तेव्हा त्या पहाटेच्या फोनांची वही, पत्र्याच्या पेटीची किल्ली आणि रेकॉर्ड रूमची दुसरी किल्ली अशा तीन वस्तू मी चार्ज यादीत अनुक्रमांक घालून लिहिल्या. नव्या साहेबांनी विचारलं, वही कशाला यादीत? मी म्हटलं, सही करा, मग सांगतो. मग त्यांना घेऊन रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि कपाट पुढे ओढलं. भिंतीवर आता दोन रेघा आहेत.