जॉर्ज बुश यांनी जगाचं दहशतवादविरोधी धोरण खरंच बदललं का?

‘जॉर्ज बुश यांच्यासारखा एक नेता जगाचं दहशतवादविरोधी धोरण बदलू शकतो का’ या तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेत. एका देशाचा नेता साऱ्या जगाचं दहशतवादविरोधी धोरण वळवू शकतो का, त्यासाठी धाकट्या बुश यांचं, म्हणजे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचं, उदाहरण देतात ते कितपत रास्त आहे, आणि भारताच्या एखाद्या पंतप्रधानाला असं काही जमेल का?

माझं मत असं की बुश यांनी धोरण बदललं, पण ज्या गोष्टींसाठी त्यांना शिव्या किंवा शाबासकी मिळते त्यांतून नाही. अफगाणिस्तानातून अमेरिकी फौजा ऑगस्ट २०२१ मध्ये परतल्या आणि काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेलं. इराकबद्दल तर न बोललेलंच बरं. टिकलं ते कागदावरचं काम. ते मला माहीत आहे कारण मी बरीच वर्षं बँकेच्या परदेशी व्यवहार विभागात काढली आहेत, आणि बुश यांची सही आमच्या रोजच्या कामात येऊन बसली होती. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ती त्यांची आहे हे ठाऊकही नव्हतं.

११ सप्टेंबर २००१ नंतरचे अडीच आठवडे बघा. दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १३६८ मंजूर केला आणि हल्ल्याच्या संदर्भात स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. त्याच दिवशी नाटोने कलम ५, म्हणजे एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा मानणारं कलम, इतिहासात पहिल्यांदा पुढे केलं. २० तारखेला बुश अमेरिकी संसदेत ‘तुम्ही आमच्या बाजूने आहात किंवा दहशतवाद्यांच्या’ हे गाजलेलं वाक्य बोलले. सगळ्यांना तेच आठवतं. माझ्या लेखी त्याहून वजनदार बोलणं २४ तारखेला व्हाइट हाउसच्या बागेत झालं. आदल्या दिवशी त्यांनी कार्यकारी आदेश १३२२४ वर सही केली होती. सोबत २७ व्यक्ती-संस्थांची यादी होती. यादीतल्यांची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली, इथपर्यंत ठीक. पुढचा इशारा परदेशी बँकांना होता: तुम्ही सहकार्य केलं नाहीत तर अमेरिकेतली तुमचीही खाती आणि व्यवहार आम्ही अडवू शकतो.

या इशाऱ्यात एवढी ताकद कशी? समजा, दोन देशांतले व्यापारी आपसात माल विकतायत. अमेरिकेशी दोघांचा काडीचा संबंध नाही. पण बिल डॉलरमध्ये फाडलंय. मग विकत घेणाऱ्याची बँक ते पैसे बहुतेक वेळा न्यूयॉर्कमधल्या आपल्या कॉरस्पाँडंट बँकेमार्फत, म्हणजे तिथे तिच्या वतीने व्यवहार करणाऱ्या बँकेमार्फत, पाठवते. तिथे तिचं नोस्ट्रो खातं, म्हणजे तिचं स्वतःचं डॉलर खातं असतं. हे खातं बंद झालं, तर त्या बँकेचा डॉलरमधला धंदाच बसला. एलसी, म्हणजे विकणाऱ्याला पैसे मिळतील अशी बँकेची हमी, उघडता येत नाही, आयातदार दुसऱ्या बँकेत जातो. त्यामुळे बुश यांचं वॉशिंग्टनमधलं बोलणं कुठल्याही देशाच्या संसदेने न मानता तिथल्या बँकांनी मानलं. नेत्याचा प्रभाव म्हणतात तो इथे वक्तृत्वातून आलेला नव्हता, चलनातून आला होता. हाच आदेश डॉलर हाताशी नसलेल्या नेत्याने काढला असता, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रापलीकडे गेला नसता.

मग २८ सप्टेंबरला ठराव १३७३ आला. मसुदा अमेरिकेचा होता आणि तो एकमताने मंजूर झाला. परिषदेची ती बैठक जेमतेम काही मिनिटं चालली. त्याआधीचे ठराव एखाद्या देशाबद्दल, एखाद्या संघटनेबद्दल असत. १९९९ चा ठराव १२६७ तालिबानवर होता आणि तोही बुश यांच्या आधीचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या काळातला. १३७३ ला ना मुदत, ना भूगोल. जगातल्या प्रत्येक देशाने दहशतवादाला पैसा पुरवणं हा फौजदारी गुन्हा ठरवावा, असा पैसा विनाविलंब गोठवावा, आश्रय देऊ नये, आणि आपण काय केलं ते ९० दिवसांत परिषदेच्या नव्या समितीला कळवावं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखालचा ठराव, म्हणजे बंधनकारक. पंधरा देशांच्या परिषदेने सगळ्या जगासाठी कायदाच केला म्हणा ना. कायदेपंडित त्यावर अजून वाद घालतात आणि माझ्या मते तो वाद योग्यच आहे.

त्यातली गंमत अशी की यातला बराचसा मजकूर नवा नव्हताच. दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार फ्रान्सच्या पुढाकाराने १९९९ मध्येच झाला होता. तो अमलात यायला २२ देशांचं अनुमोदन लागत होतं आणि ११ सप्टेंबरपर्यंत ते दिलं होतं फक्त चौघांनी: बोट्स्वाना, श्रीलंका, ब्रिटन आणि उझबेकिस्तान. अमेरिका त्यात नव्हती. उलट मे २००१ मध्ये बुश यांच्याच अर्थमंत्र्यांनी, पॉल ओ’नील यांनी, कर चुकवायला जागा देणाऱ्या देशांविरुद्धच्या ओईसीडीच्या (मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या) मोहिमेवर जाहीर नापसंती दाखवली होती. म्हणजे पैशाचा माग काढणं हा काही या सरकारचा आवडता विषय नव्हता. हल्ल्यानंतर फळीवर पडलेल्या करारातली कलमं उचलून ठरावात आली, आणि ज्यावर देशांना ‘सही कराल का’ असं विचारलं जात होतं तेच आता ‘करा’ म्हणून सांगितलं गेलं. करार पुढे १० एप्रिल २००२ ला अमलात आला.

म्हणून ‘बुश यांनी नवी व्यवस्था उभारली’ असं कोणी म्हटलं की मला थोडं खटकतं. व्यवस्थेचे भाग बनवलेले होते. कुणीतरी जोर लावून ते जोडायचे होते, आणि तो जोर लावायला लागणारी जगाची सहानुभूती त्या अडीच आठवड्यांत अमेरिकेकडे होती. ऑक्टोबरअखेरीस एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेची तातडीची बैठक वॉशिंग्टनलाच भरली. १९८९ पासून ही संस्था मुख्यतः काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचे नियम बघत होती. तिथे दहशतवादाच्या पैशाबद्दल आठ खास शिफारशी आल्या, नववी २००४ मध्ये जोडली गेली. एफएटीएफच्या शिफारशींना कायद्याचं बळ नाही. पण तिच्या करड्या यादीत, म्हणजे नियमांत कमी पडणाऱ्या देशांच्या यादीत, नाव गेलं की परदेशी बँका त्या देशाचा प्रत्येक व्यवहार चारदा तपासतात, आणि कर्ज देणाराही हात आखडता घेतो.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगतो. परदेशातून पैसे येतात, संगणक नाव याद्यांशी ताडतो आणि अलर्ट उठवतो. यादीतलं नाव अरबी, ते रोमन लिपीत सात-आठ तऱ्हांनी लिहिता येतं, आणि ते नाव धारण करणारी माणसं जगात लाखांनी आहेत. यादीत कधी पूर्ण जन्मतारीख असते, कधी नुसतं साल, तेही ‘अंदाजे’. मग संगणकासमोर बसलेला बँक कर्मचारी पासपोर्ट क्रमांक बघतो, वडिलांचं नाव बघतो, पाठवणाऱ्याच्या बँकेला मेसेज टाकतो. बहुतेक वेळा फॉल्स हिट, म्हणजे नुसतं नाव जुळणारा दुसराच माणूस, निघतो आणि रिमार्क लिहून अलर्ट बंद होतो. तोवर कुणाची तरी मुलाच्या फीची रक्कम अडकलेली असते, आणि काउंटरवरचा क्लार्क ‘तपासणी चालू आहे’ यापलीकडे काही सांगू शकत नाही. खरा दहशतवादी अशा जाळ्यात सापडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण जाळं आहे हे माहीत असल्यामुळे तो या दारातून येत नाही, असं आमचे वरिष्ठ म्हणायचे, आणि त्यात तथ्य असावं.

या व्यवस्थेत निरपराध माणसंही भरडली गेली. ७ नोव्हेंबर २००१ ला अल-बरकात या सोमाली पैसे पाठवणाऱ्या जाळ्यावर टाच आली आणि बुश यांनी ती जातीने जाहीर केली. सोमालियात तेव्हा धड सरकार नव्हतं, बँका नव्हत्या. परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे घरी पोचवणारं हे सर्वांत मोठं साधन होतं. ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाच्या पथकाने नंतर तपासलं, तर या जाळ्यातून अल-कायदाला पैसा गेल्याचा पुरावा हाती लागला नाही. स्वीडनमधल्या तीन सोमाली वंशाच्या नागरिकांची नावं त्याच फेऱ्यात संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेली होती. खाती गोठली, आणि त्यांच्यासाठी स्वीडनमधल्या सामान्य लोकांनी वर्गणी काढली. नाव यादीत घालायला एका देशाचं गोपनीय टिपण पुरायचं, काढायला मात्र दाद मागायची सोयच नव्हती. यासिन कादी या सौदी उद्योजकाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ३ सप्टेंबर २००८ ला ठणकावलं की सुरक्षा परिषदेचा ठराव असला तरी माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागेल. त्यानंतर कुठे डिसेंबर २००९ मध्ये ठराव १९०४ ने अशा तक्रारी ऐकायला लोकपाल नेमायचं ठरवलं. बुश यांच्या हाताने आलेल्या कामातली सर्वांत मोठी दुरुस्ती अशी यादीतल्याच एका माणसाने करवून घेतली.

दुसरं नुकसान अधिक खोल आहे. १३७३ मध्ये दहशतवादाची व्याख्याच नाही. व्याख्येवर वाद घातला असता तर ठराव अडीच आठवड्यांत काय, अडीच दशकांत झाला नसता. पण ती जागा रिकामी राहिली आणि ज्याने त्याने ती आपल्या सोयीने भरली. रशियाने चेचन्याचं युद्ध त्याच मोहिमेत बसवलं. चीनने शिनच्यांगमधल्या उइगुरांवरच्या दडपशाहीला तेच लेबल लावलं. २००२ मध्ये अमेरिकेने आणि पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांनी ईटीआयएम ही उइगुर संघटना यादीत घातली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेनेच तिला आपल्या दहशतवादी संघटनांच्या एका यादीतून काढलं. बुश यांचा प्रभाव मोजताना हेही त्यांच्या खात्यावर धरायला हवं.

ग्वांतानामो आणि अबू घरेबचे तुरुंग, आणि नसलेल्या शस्त्रांसाठी इराकचं युद्ध. यांनी ती सुरुवातीची सहानुभूती संपवली, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यावर फार लिहीत नाही.

आता भारताचं. दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्येच संयुक्त राष्ट्रांत मांडला. देवेगौडा पंतप्रधान होते. त्यानंतर वाजपेयी, मनमोहनसिंग, मोदी, सगळ्यांनी तो पुढे रेटला. अडला तो त्याच व्याख्येवर. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरचं घ्या. त्याचं नाव यादीत घालायचा पहिला प्रस्ताव २००९ मध्ये गेला, चीनने पुन्हा पुन्हा अडवला, आणि १ मे २०१९ ला नाव लागलं. तेही पुलवामाचा उल्लेख गाळून. दहा वर्षं! मोदी यांनी हा विषय प्रत्येक व्यासपीठावर लावून धरला हे खरं आहे. २०१७ च्या ब्रिक्स जाहीरनाम्यात चीनच्या भूमीवर, श्यामेनला, लष्कर-ए-तोयबा आणि जैशची नावं आली, हे लहान यश नव्हे. पण नकाराधिकार नाही, डॉलर नाही, तिथे धीर धरणं एवढंच हातात उरतं. म्हणून तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘एकट्याच्या बळावर नाही’ असं आहे.

एक वाट मात्र भारताला उपयोगी पडली आणि ती नेमकी बुश यांच्या काळात रुंद झालेली. लष्कर-ए-तोयबाचा संस्थापक हाफिज सईदचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत २६/११ नंतर लगेच, १० डिसेंबर २००८ ला लागलं होतं. तरी तो कधी नजरकैदेत, कधी मोकळा, सभा घेत फिरत होता. जून २०१८ मध्ये पाकिस्तान एफएटीएफच्या करड्या यादीत गेला, आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत तिथेच होता. त्या मधल्या काळात जुलै २०१९ ला सईदला अटक झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये लाहोरच्या न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. मुंबईच्या हत्याकांडासाठी नाही, दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल.